मधली सांध

पहिला दिवस, गुरुवार

धुळ्याहून सुरत रस्त्याने साक्रीकडे निघालं की नेर मागे पडल्यावर शेतांतून काळ्या भिंती दिसू लागतात. मामाकडे जाताना मी एसटीची खिडकी पकडून बसायचे आणि भिंत कुठे संपते ते शोधत राहायचे. ती संपायची नाही. टेकडीवर चढायची, ओढ्यात बुडायची, पलीकडे पुन्हा डोकं वर काढायची. आजी सांगायची, राक्षसांनी एका रात्रीत बांधायला घेतल्या, कोंबडा आरवला आणि काम अर्ध्यावर राहिलं.

त्या कुणी बांधलेल्या नाहीत हे कॉलेजात कळलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहत होता, तेव्हा इथल्या जमिनीला लांबच लांब उभ्या भेगा पडल्या. लाव्हा त्यांत शिरला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक पावसापाण्याने झिजत गेला, हे कठीण पट्टे तेवढे उभे राहिले. भूविज्ञानाच्या मराठीत त्यांना भित्ती म्हणतात, बोलताना सगळे डाइकच म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त भित्ती अभ्यासकांनी नकाशावर घेतल्या आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम धावणाऱ्या, तापी-नर्मदेला समांतर. सर्वांत लांब भित्ती ७९ किलोमीटरची आहे.

दिवाळीत मामेभावाने एक फोटो पाठवला. निजामपूरच्या अलीकडे एका ओढ्याने भिंत आरपार कापली आहे, त्या खिंडीतला. भिंतीचा कापलेला उभा काप दिसत होता आणि त्याच्या अगदी मधोमध, तळापासून माथ्यापर्यंत, एक काळी रेघ. मी तो आमच्या आरोहणाच्या सरांना पाठवला. सरांनी उलट विचारलं, त्यात मूठ जाते का? मामेभाऊ दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन आला. तळाशी बोटं जातात, डोक्याच्या वर तळहात जातो, त्याच्या पुढे हात पोचत नाही, असं त्याने कळवलं. सरांनी जानेवारीतले चार दिवस ठरवून टाकले.

हे आम्हाला एवढं का वाटलं, ते सांगते. सह्याद्रीत मी जेवढं चढले त्यात अशी सलग फट मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळाली. आपला कातळ थरांचा आहे. कडे घट्ट असतात, फटी असल्या तर आखूड, बुजलेल्या, गवताने भरलेल्या. म्हणून आपल्याकडे आरोहण शिकताना हातोडी, मेख आणि बोल्ट हे पहिल्या दिवसापासून सोबत असतात. ज्याला ट्रॅड म्हणतात ते आरोहण वेगळं. फटीतच हात-पाय अडकवून वर जायचं, फटीतच नट (धातूची पाचर) किंवा कॅम (स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकांचं साधन) बसवून त्यातून दोरी ओवायची आणि मागून येणाऱ्याने ते सगळं काढून घ्यायचं. खडकात काही ठोकायचं नाही, काही ठेवायचं नाही.

आमच्यात ते खरं शिकून आला होता तो दादा, माझा मावसभाऊ. नोकरीनिमित्त दोन वर्षं अमेरिकेत युटा राज्यात होता. तिथल्या वाळवंटात इंडियन क्रीक नावाची जागा आहे, लाल वालुकाश्माचे कडे आणि त्यांत तळापासून माथ्यापर्यंत सरळ चिरलेल्या फटी. सगळीकडे रुंदी इतकी सारखी की एकाच मापाचे सहा-सहा, आठ-आठ कॅम कमरेला लावून चढावं लागतं. तिथली सुपरक्रॅक १९७६ साली अर्ल विगिन्सने पहिल्यांदा चढली तेव्हा कॅम बाजारात आलेसुद्धा नव्हते. रे जार्डिनने बनवलेले 'फ्रेंड्स' विकायला आले १९७८ मध्ये. विगिन्स चढला तो हेक्सवर, म्हणजे पोकळ, सहा बाजूंच्या धातूच्या ठोकळ्यांवर. ज्या फटीच्या दोन्ही कडा समांतर आहेत तिच्यात ठोकळा अडकवायला आवळलेली जागाच सापडत नाही. ते आठवलं की माझे तळवे आजही ओले होतात.

दुपारी दोनला भिंतीखाली पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही. खिंडीच्या उजव्या अंगाला आग्या मोहोळांची वस्ती आहे आणि तिथे गर्दी व्हावी असं मला वाटत नाही. खिंडीखालचं वावर एका आबांचं आहे. त्यांच्या ओट्यावर बसून आधी परवानगी मागितली.

"आबा, भितवर चढानं शे."

"कसाले?"

त्याला मामेभावाने काय उत्तर दिलं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण आबा बराच वेळ आमच्या दोऱ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चढा. उजवा हातले मोहोळ शे, त्याले छेडू नका. आन् धूर करू नका." जाता जाता त्यांनी दोन विहिरी दाखवल्या. भिंतीच्या वरच्या अंगाची मार्चपर्यंत पाणी देते, खालच्या अंगाची संक्रांतीलाच तळ दाखवते. मध्ये अंतर शंभर पावलांचं. जमिनीखालीसुद्धा भिंत पाणी अडवून धरते, हे त्यांच्या तीन पिढ्यांना पाठ आहे.

मग काप बघायला गेलो. तिथे पोचल्यावर मला कळलं की फोटोत काहीच आलं नव्हतं.

लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याचे बहुकोनी खांब तडकतात. खांब वाढतात ते थंडाव्याकडून आतल्या उष्णतेकडे. सपाट थरात थंडावा वरून आणि खालून लागतो, म्हणून खांब उभे राहतात. भिंतीत तो दोन्ही बाजूंनी लागतो, म्हणून खांब आडवे. समोरच्या कापात ते स्वच्छ दिसत होते. छपरावर पऱ्हाट्यांच्या मोळ्या रचून ठेवाव्यात तसे, एकावर एक, डावीकडचे डावीकडून आलेले, उजवीकडचे उजवीकडून. आणि जिथे दोघांची टोकं समोरासमोर आली तिथे ती उभी सांध. दोन्हीकडून थिजत आलेला दगड मधोमध भेटला, पण पूर्ण जुळला नाही. आमची फट म्हणजे ती न जुळलेली जागा होती.

चढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. फटीच्या कडा खांबांच्या टोकांनी बनलेल्या, म्हणजे कुठे पुढे, कुठे मागे. युटाच्या समांतर फटीत कॅमशिवाय गती नाही. इथे दर दीड-दोन फुटांवर फट आवळते आणि पुन्हा सुटते. अशा आवळलेल्या जागी साधा नटसुद्धा असा बसतो की काढताना घाम फुटतो. दादा खालून वर बघत एकेक जागा मोजत होता आणि दर वेळी हसत होता.

सरांनी त्यांचे जुने हेक्स बाहेर काढले, सहा होते. चाळीस वर्षं वापरून कडा गुळगुळीत झालेले. ते पट्ट्याला लावताना एकमेकांवर आपटून किणकिणले, तसा वरच्या बांधावरून एक ठेलारी खाली आला. आबांच्या बाजरी निघालेल्या वावरात त्याने मेंढ्या बसवल्या होत्या. "मेंढी चुकनी का काय असं वाटनं," म्हणाला. त्याने हेक्स हातात घेऊन कानाजवळ हलवला, मग दुसरा, मग त्याहून मोठा. मोठ्याचा आवाज त्याला पसंत पडला. अशी घंटा नेमकी कुठे मिळते हे त्याने सरांना दोनदा विचारलं.

संध्याकाळी तळाच्या दहा फुटांतली माती आणि कुसळं हाताने साफ केली. फटीत एक पाल होती, ती आत खोल सरकली. पाच-सहा मीटरवर डावीकडे पाकोळ्यांचं रिकामं घरटं. उजवीकडची मोहोळं मार्गापासून चाळीसेक पावलांवर. मध्ये कोपरा आहे, वारा त्या बाजूने इकडे येत नाही. तरीही मोठ्याने ओरडायचं नाही आणि अत्तराचा साबण कुणी लावायचा नाही, हे सरांनी ठरवून दिलं.

रात्री मामाकडे वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी. थंडी इतकी की ताटाला हात लावताना बोटं आखडत होती.

दुसरा दिवस, शुक्रवार

खिंडीचा हा काप पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी एकपर्यंत सावली, त्यानंतर ऊन असं पडतं की काळा दगड तव्यासारखा तापतो. साक्री पर्जन्यछायेतला तालुका. हवा कोरडी, हात घामेजत नाहीत, त्याचा उपयोग सकाळीच करून घ्यायचा.

दादाने हातांना चिकटपट्ट्या बांधल्या. त्याला अर्धा तास लागतो आणि तो घाई करत नाही. मनगटाभोवती दोन वेढे, प्रत्येक बोटाच्या मुळातून एक पट्टी ओवून परत मनगटाकडे. पाठीकडची कातडी झाकायची, तळवा उघडा ठेवायचा. मामेभाऊ समोर बसून ते लक्ष देऊन बघत होता, शेवटी त्याने स्वतःच्याही एका हाताला बांधून घेतली.

सव्वाआठला दादा निघाला, बिले, म्हणजे खालून दोरी सांभाळणं, माझ्याकडे. पहिले सात-आठ मीटर फट बोटांची आहे. दादाचे हात मोठे, त्याची बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच जात होती. नट मात्र सुंदर बसत होते. तो एक बसवायचा, झटका देऊन तपासायचा, दोरी ओवायचा आणि फुंकर सोडायचा. त्याच्या पुढे फट रुंदावली आणि मधला टप्पा सुरू झाला, जवळजवळ दहा मीटर, तळहाताच्या मापाचा.

तळहात कसा अडकवतात हे खालून बघणाऱ्याला कळत नाही. अंगठा वर ठेवून हात पाण्यात घालावा तसा फटीत सारायचा आणि आत गेल्यावर अंगठा तळव्याच्या मध्यात दाबायचा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे तो फुगतो. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला बोटांची पाठ. दगड पकडायचा नाही, हातानेच फट भरायची. पाऊलही तसंच, तळवा आडवा करून, गुडघा बाहेर टाकून बूट आत सारायचा आणि मग गुडघा सरळ करायचा. बूट पिळला जातो आणि पायरीसारखा थांबतो. दुखतं, दर वेळी दुखतं. पण एकदा बसलं की त्या हातावर सगळं वजन टाकून निवांत श्वास घेता येतो, आणि ही निश्चिंती मला दुसऱ्या कुठल्या आरोहणात मिळाली नाही.

दादा दहा मिनिटांत तो टप्पा चढला. मग थांबला.

वीसेक मीटरवर फट मुठीहून रुंद होते आणि तिथे तिच्यात एक धोंडा अडकला आहे, घागरीएवढा. दादाने बोटाच्या पेराने त्यावर टकटक केली. तो आवाज खाली माझ्यापर्यंत आला. भरीव कातळावर ठोकलं की काही ऐकू येत नाही, हात तेवढा दुखतो. हा धोंडा बोलत होता.

त्याच्याकडचे दोन्ही निळे कॅम, जे जवळजवळ नऊ सेंटीमीटरच्या फटीपर्यंत चालतात, खाली वापरून झाले होते. राहिला होता एकच करडा, साडेअकरा सेंटीमीटरपर्यंतचा. तो बसवायची एकच जागा हाताला लागत होती, धोंडा आणि कड्याच्या मध्ये. मी खालून बघत होते आणि मनात म्हणत होते, नको. कॅमचं काम असं आहे की दोरीने खाली ओढलं की त्याची चाकं फिरून दोन्ही बाजूंना दाबतात. जेवढा ओढा येतो, त्याच्या साधारण दुप्पट जोर प्रत्येक बाजूच्या दगडावर येतो. भरीव कातळात हीच त्याची ताकद, पण सुट्या धोंड्याच्या मागे तीच पहार होते. दादा पडला तर कॅम धोंड्याला बाहेर लोटेल, आणि धोंडा दादाच्या मागोमाग येईल. खाली मी, सर, मामेभाऊ, आणि बांधापलीकडे मेंढ्या.

दादाने कॅम पुन्हा पट्ट्याला लावला. "उतरतोय. टाइट घे," एवढंच म्हणाला. एकेक पाऊल मागे घेत तो दोन चांगल्या नटांपर्यंत आला, दोन्हींत मिळून दोरी अडकवली आणि मी त्याला खाली सोडलं. पट्ट्यांच्या कडेने दोन बोटांची साल निघाली होती. जमिनीवर पाय टेकल्यावर तो म्हणाला, वर जायची इच्छा होती म्हणूनच उतरलो.

अडकवलेलं सामान सर मागच्या उतारावरून माथ्यावर जाऊन, दोरीने खाली येत, काढून घेऊन आले. धोंड्याला त्यांनी हात लावला नाही.

संध्याकाळी ओट्यावर मामेभावाने सरळ विचारलं, "ताई, धोंड्याच्या शेजारी एक बोल्ट मारला तर?" प्रश्न रास्त होता. सरांच्या पिशवीत हाताने छिद्र पाडायची ड्रिल होती, दोन बोल्टही होते, अडचणीच्या वेळेसाठी. वीस मिनिटांचं काम. सगळे सरांकडे बघायला लागलो, कारण आमच्यात सर्वांत जास्त बोल्ट त्यांनीच मारले आहेत. त्यांनी ते नाकारलंही नाही. कोरा कडा असेल, फटच नसेल, तिथे बोल्ट मारावा लागतो आणि तो नीट मारावा, त्याची लाज वाटायचं कारण नाही, असं ते म्हणाले. पण जिथे दगडानेच जागा दिली आहे तिथे छिद्र पाडलं, तर ते आपल्याला जमलं नाही म्हणून पाडलेलं छिद्र असतं. ते बुजत नाही. उद्या कुणी आपल्याहून चांगला येईल, त्याच्यासाठी ही फट आपण आधीच वापरून टाकलेली असेल.

माझं मत सरांपेक्षा कडक आहे. माझ्या मुलुखातली ही भिंत आहे. मी तिला खिळा ठोकायला आले नव्हते.

तिसरा दिवस, शनिवार

आज चढायचं नव्हतं, पण धोंड्याचा निकाल लावायचा होता. जमिनीपासून वर, आधी न बघता चढणं हे ट्रॅडमध्ये सर्वांत चोख मानतात. तो मान आम्ही सोडला आणि दोरीने वरून खाली जाऊन धोंडा तपासला, कारण खालची वाट आमच्या मालकीची नाही. ठेलाऱ्याला सकाळीच सांगून मेंढ्या पलीकडच्या वावरात नेल्या होत्या.

मी गेले. धोंडा तीन ठिकाणी टेकलेला आहे. खाली दाबला तर हलत नाही, कारण त्याच्या खाली फट आवळली आहे आणि वजन पडलं की तो तिच्यात आणखी रुततो. आतल्या बाजूला ढकलला तरी हलत नाही. बाहेर ओढला तेव्हा अगदी थोडा, तांदळाच्या दाण्याएवढा सरकला. तेवढं पुरे होतं. पाय देताना खाली दाबून द्यायचा, हाताने ओढायचा नाही, आणि त्याच्या मागे काहीही बसवायचं नाही. त्याला पाडून टाकायचा विचार दादाने बोलून दाखवला. पण खाली आबांचा पाण्याचा पाट आहे, आणि जो इतकी वर्षं तिथे नीट बसला आहे त्याला आपल्या सोयीसाठी उठवायचं कारण मला सापडलं नाही.

दुसरी गोष्ट मी बघितली ती धोंड्याच्या दीड मीटर खाली. तिथे डाव्या खांबाचं टोक पुढे आलं आहे आणि फट बाटलीच्या गळ्यासारखी आवळली आहे. दोन्ही बाजू भरीव. त्या गळ्यात काय बसेल हे मी बोटांनी मापून घेतलं आणि वर येऊन सरांकडून सर्वांत मोठा हेक्स मागितला.

दुपारी भामेरच्या किल्ल्यावर जाऊन आलो. वेशीच्या कोरीव खांबांपासून वर कातळात खोदलेल्या गुहांपर्यंत फिरायला चार तास कमीच पडले. माथ्यावरून ब्राह्मणवेलकडच्या पवनचक्क्या दिसत होत्या, आणि खाली एक काळी भिंत सरळ पश्चिमेला चालली होती.

चौथा दिवस, रविवार

पुढे जायचं माझ्याकडे आलं. दादाच्या बोटांना विश्रांती हवी होती हे एक. दुसरं म्हणजे हातांचं माप. दादाला जी फट बोटांची, ती मला जवळजवळ हाताची. खालचे आठ मीटर मला त्याच्यापेक्षा सोपे जाणार होते. वरचा रुंद टप्पा मात्र अवघड, माझी मूठ तिथे वाटीत चमचा वाजावा तशी सैल.

साडेसातला चढायला लागले. दगड बर्फासारखा गार. पहिल्या तीन हालचालींत बोटांना काही कळत नव्हतं, मग रक्त परत आलं आणि ते जास्त वाईट. पण नट बसत गेले. चौथा नट मी दोनदा काढून परत बसवला. पहिल्यांदा तो एकाच कडेला टेकला होता. दुसऱ्यांदा दोन इंच खाली घेतला तर दोन्ही गाल दगडाला लागले आणि झटका दिल्यावर टक् असा बारीक आवाज आला. नीट बसलेल्या नटाचा तो आवाज कान ओळखायला शिकतो.

मधल्या टप्प्यात दादाने निळे कॅम वापरले होते. मी आवळलेल्या जागा शोधत हेक्स टाकत गेले आणि दोन्ही निळे वाचवून ठेवले. कमरेला ते किणकिणत होते, वरच्या बांधावर मेंढ्यांच्या घंटा. बराच वेळ मला दोन्ही आवाज वेगळे करता आले नाहीत.

बाटलीचा गळा आला. मोठा हेक्स वरून आत सोडला, थोडा तिरका केला आणि खाली ओढला. बसला. त्यावर अंगाचं वजन टाकून बघितलं, दोनदा. शेजारीच एक निळा कॅमही दिला, भरीव बाजूंच्या मध्ये. आता धोंडा ओलांडून त्याच्या वरच्या जागेत दुसरा कॅम बसवेपर्यंत मध्ये काही नव्हतं. पडले असते तर पाच-सहा मीटर जाऊन त्या हेक्सवर थांबले असते. ते मी मनाशी एकदा स्पष्ट म्हटलं आणि पुढे गेले.

डावा दंड कोपरापर्यंत फटीत घातला, तळवा एका बाजूला, कोपराची मागची बाजू दुसऱ्या बाजूला. उजवा गुडघा आत. मूठ बसत नव्हती, म्हणून अंगच अडकवलं. उजव्या पायाने धोंड्यावर वरून, सावकाश, वजन दिलं. तो हलला नाही. तरी मी श्वास रोखला होता, आणि खाली सगळे गप्प होते हे मला ऐकू येत होतं. एक वीत. पुन्हा दंड. पुन्हा गुडघा. पँट गुडघ्यावर फाटली. धोंड्याच्या वर हात पोचला तसा करडा कॅम सोडवला, दांडा ओढून चाकं मिटली, आत सारला, सोडला. चारही चाकं सारखी उघडली होती. दोरी ओवली तेव्हा "क्लिप" असं म्हणायचं असतं, माझ्या तोंडून "बसला" निघालं.

त्याच्या वरचे चार मीटर कडा मागे कलतो. राखून ठेवलेला दुसरा निळा तिथे गेला. माथ्यावर उन्हात आले तेव्हा पावणेनऊ झाले होते. एका खांबाच्या भक्कम बुंध्याला स्लिंग, म्हणजे पट्टीचा वेढा, घातली, मागच्या चिरेत दोन कॅम, तिन्ही एकत्र बांधले आणि खाली ओरडायचं नाही म्हणून दोरीला तीन झटके दिले.

दादा मागून आला, सगळं काढत. मोठा हेक्स निघेना. मी वजन टाकून बसवला होता तो माझाच दोष. दादा एका हातावर लटकून नट काढायच्या सळईने खालून ठोकत राहिला, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. सर खालून म्हणाले, राहू दे. दादाने ऐकलं नाही. शेवटी त्याने तो वर ढकलायच्या आधी थोडा डावीकडे फिरवला आणि तो सुटला. सुटताना त्याची घंटा झाली आणि बांधावरचा ठेलारी उठून उभा राहिला.

माथ्यावर माझ्या ओढणीवर सगळं मांडून मोजलं. तेरा बसवले होते. तेरा परत आले. उजव्या अंगाची मोहोळं होती तशीच शांत होती.

उतरून सामान आवरेपर्यंत आबा आले. त्यांनी कापाला हात लावून वरपर्यंत नजर नेली.

"खिळा ठोका का?"

"नही आबा."

त्यांनी तळाच्या फटीत बोट घातलं, बाहेर काढून बघितलं. बोटाला पांढरं लागलं होतं.

"मंग हाई धवळं काय शे?"

"हातले लावानी पावडर शे. पाऊसमा धोवाई जाई."

आबांना ते पटलं असावं. तरी मी ओल्या फडक्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने हात पोचेल तिथपर्यंतचं सगळं पुसून काढलं. वरचं राहिलं. ते जूनमध्ये जाईल.